जोडतारे मोजायचे कसे? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जोडताऱ्याचे मोजमाप म्हणजे शेवटी तीन आकडे: दोन ताऱ्यांमधले कोनीय अंतर, एकाच्या तुलनेत दुसरा कोणत्या दिशेला आहे तो कोन, आणि वेधाची तारीख. एवढ्यासाठी रात्र रात्र कशाला जागायचे, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. या ताऱ्यांच्या कक्षा कित्येकदा शेकडो वर्षांच्या असतात. आजच्या तारखेचा बिंदू आज नोंदला नाही, तर तो परत मिळत नाही. अमेरिकेची नौदल वेधशाळा सांभाळत असलेल्या वॉशिंग्टन डबल स्टार कॅटलॉगमध्ये (पुढे 'डब्ल्यूडीएस') दीड लाखाहून जास्त जोड्या आहेत आणि मोठ्या दुर्बिणींना त्या सगळ्यांकडे बघायला वेळ नाही. गाया उपग्रहाने अफाट काम केले आहे, पण फार तेजस्वी ताऱ्यांना आणि एकमेकांना अगदी चिकटलेल्या जोड्यांना तोही पुरा पडला नाही. हौशी निरीक्षकाला इथे खरीखुरी जागा आहे.

तुम्ही दुर्बिणीतून एकदा तरी अल्बिरिओची सोनेरी-निळी जोडी पाहिली आहे आणि आकाशातले तारकासमूह ओळखता, असे मी धरून चालतो.

लागणारे साहित्य

- ८० ते २०० मिलिमीटर व्यासाची कुठलीही चांगली दुर्बीण. वक्री (भिंगाची) की परावर्ती (आरशाची), हा वाद इथे गौण.
- विषुववृत्तीय माउंट, मोटर असलेले. डॉब्सोनियनवर पाहता येते, पण मोजणे कष्टाचे होते.
- रेषा आणि कोनमापक कोरलेला मापनाचा आयपीस, किंवा ग्रहांसाठी वापरतात तसला छोटा कृष्णधवल कॅमेरा.
- २ पट बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी लावायचे, प्रतिमा मोठी करणारे भिंग.
- एक शतांश सेकंद दाखवणारे स्टॉपवॉच. फोनमधले चालेल.
- वही. कॅमेरा असला तरी वही.

१. आधी दोन आकड्यांचा अर्थ पक्का करा

कोनीय अंतर विकलांमध्ये देतात. एका अंशात ३६०० विकला. त्यासाठी ग्रीक अक्षर 'ऱ्हो' वापरतात. दिशेच्या कोनाला स्थितिकोन म्हणतात, त्याचे अक्षर 'थीटा'. जोडीतला तेजस्वी तारा केंद्रस्थानी धरायचा, उत्तरेला ० अंश मानायचे आणि पूर्वेकडे वळत जायचे: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. जोडीदार ज्या दिशेला असेल तो त्याचा स्थितिकोन.

यादीतली नावे सुरुवातीला कोड्यासारखी वाटतात. सप्तर्षीतला वसिष्ठ तिथे '१३२३९+५४५६' या क्रमांकाखाली आहे. म्हणजे विषुवांश (आकाशातले रेखांश) १३ तास २३.९ मिनिटे, क्रांती (आकाशातले अक्षांश) उत्तर ५४ अंश ५६ कला. सोबत 'एसटीएफ १७४४' असे लिहिलेले असते. एसटीएफ म्हणजे एफ. जी. डब्ल्यू. स्ट्रूव्ह, त्याच्या यादीतली १७४४ क्रमांकाची जोडी. 'एसटीटी' म्हणजे त्याचा मुलगा ओटो आणि 'बीयू' म्हणजे बर्नहॅम. अरुंधती ही वसिष्ठाची नुसत्या डोळ्यांनी दिसणारी सोबतीण. दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दोन होतो, आपण मोजायची ती ही आतली जोडी.

२. तुमच्या दुर्बिणीची मर्यादा काढा, मग तिच्यापासून लांब राहा

११६ ला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. आलेला आकडा म्हणजे डॉजची मर्यादा, विकलांमध्ये. १०० मिलिमीटरला १.१६, १५० ला ०.७७. ही मर्यादा साधारण सारख्या तेजाच्या, फार प्रखर नसलेल्या जोड्यांसाठी आहे. एक तारा दुसऱ्यापेक्षा तीन-चार प्रतींनी (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप, आकडा मोठा तितका तारा मंद) मंद असेल तर हे गणित कोलमडते. व्याधाचा जोडीदार हे त्याचे टोकाचे उदाहरण: त्याचे अस्तित्व जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८४४ मध्ये व्याधाच्या हेलकाव्यावरून सांगितले, प्रत्यक्ष दिसला तो १८६२ मध्ये, अल्व्हन ग्रॅहम क्लार्कला.

नवे लोक पहिल्याच आठवड्यात मर्यादेवरची जोडी फोडायला जातात. फोडण्याची मजा वेगळी. मोजायचे असेल तर मर्यादेच्या निदान चौपट अंतराच्या जोड्या घ्या. आयपीसने मोजणार असाल तर १५-२० विकलांच्या खाली जाऊच नका. का, ते पाचव्या पायरीत कळेल.

३. सरावाच्या जोड्या निवडा

ज्यांचे आकडे नीट माहीत आहेत आणि फारसे हलत नाहीत अशा जोड्यांनी सुरुवात करा:

- वसिष्ठ: सुमारे १४.४ विकला, १५३ अंश.
- हंसातला अल्बिरिओ: सुमारे ३५ विकला, ५४ अंश. ही जोडी खरी की नुसती दिसण्यापुरती, यावर अजून वाद आहे. सरावाला त्याने काही बिघडत नाही.
- देवयानीतला गॅमा: ९.७ विकलांच्या आसपास, ६३ अंश.
- धनिष्ठेतला गॅमा: ९ विकला, २६५ अंश.
- हंसातला ६१ क्रमांकाचा तारा: सुमारे ३२ विकला.

पुनर्वसूतला कॅस्टर (सुमारे साडेपाच विकला) आणि कन्येतला पोरिमा (तीन विकलांहून थोडा जास्त) दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा. पोरिमाचे दोन तारे १६९ वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. २००५ मध्ये ते अर्ध्या विकलेपेक्षाही जवळ आले होते, लहान दुर्बिणीत एकच तारा दिसायचा. आता पुन्हा सहज सुटे दिसतात. काही वर्षे चिकाटीने मोजलात तर तुमच्या स्वतःच्या वहीत कक्षा सरकताना दिसेल.

नरतुरंगातला मित्र तारा दुहेरी आहे हे १६८९ मध्ये झां रिशो या जेझुइट धर्मगुरूच्या पुदुचेरीत लक्षात आले, एक धूमकेतू पाहताना. मोह होईल, पण तुमच्याकडून तो क्षितिजालगत दिसत असेल तर मोजायच्या नादी लागू नका. खाली हवेचा थर जाड असतो, तो ताऱ्याचा प्रकाश रंगांत ताणतो आणि ताऱ्याचा मध्य सरकतो. ४० अंशांपेक्षा वर असलेलेच तारे घ्या. जोडी मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) असताना मोजणे सर्वांत चांगले.

४. दिशा ठरवा, सर्वाधिक चुका इथेच होतात

मोटर बंद करा. तारा दृश्यक्षेत्रातून ज्या बाजूने बाहेर पडतो ती पश्चिम. कुठलीही दुर्बीण असो, कितीही आरसे असोत, हे बदलत नाही. आता मोटर चालू करून दुर्बीण किंचित ध्रुवाकडे ढकला: ज्या बाजूने नवे तारे आत येतात ती उत्तर.

आता आरशाचा प्रश्न. न्यूटोनियनमध्ये, किंवा वक्री दुर्बिणीत सरळ आयपीस लावल्यास, प्रतिमा उलटी असते पण आरशातल्यासारखी नसते. उत्तरेकडून पूर्वेकडे जायला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जावे लागते. ९० अंशांचा डायगोनल (आयपीस काटकोनात वळवणारा आरसा) लावला की आरशाची संख्या एकाने वाढते आणि पूर्व-पश्चिम उलटते. मग उत्तरेकडून पूर्वेकडे जाणे काट्यांच्या दिशेने. १५३ अंशांची जोडी अशा वेळी बेधडक २०७ म्हणून नोंदली जाते आणि नोंदणाऱ्याला पत्ता लागत नाही. शक्य असेल तर मोजताना डायगोनल काढूनच ठेवा. मान दुखेल, आकडा मात्र सरळ येईल.

जर्मन पद्धतीच्या माउंटवर तारा मध्यमंडल ओलांडून गेला आणि दुर्बीण पलटली, की कॅमेऱ्यातले चित्र १८० अंशांनी फिरते. पलटण्याआधीचे आणि नंतरचे वेध एकाच दिशेच्या मापाने सोडवू नका.

५. आयपीसने मोजणे

कॅमेरा हाताशी असला तरी पहिल्या काही जोड्या आयपीसने मोजा, असे माझे आग्रहाचे मत आहे. दिशा आणि प्रमाण डोक्यात बसतात. संगणकाने दिलेला आकडा वेडावाकडा आला तर लगेच खटकतो.

आधी मापपट्टीची किंमत काढायची. ६० ते ७५ अंश क्रांतीचा मध्यम तेजाचा एखादा तारा घ्या. ध्रुवाजवळचे तारे सावकाश सरकतात, वेळ नीट मोजता येते. मापपट्टी पूर्व-पश्चिम लावा, मोटर बंद करा, आणि ताऱ्याला पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला लागणारे सेकंद मोजा. निदान दहा वेळा. सरासरी काढा. मग:

एका भागाची किंमत = १५.०४१ × सेकंद × क्रांतीची कोसाइन ÷ भागांची संख्या

समजा तारा ६० अंश क्रांतीवर आहे, ५० भाग ओलांडायला सरासरी ६८.५ सेकंद लागले. ६० अंशांची कोसाइन ०.५. उत्तर येते १०.३ विकला प्रति भाग. अल्बिरिओ अशा पट्टीवर जेमतेम साडेतीन भाग व्यापेल. डोळ्याने दशांश भाग वाचता येतो असे धरले तरी एका वाचनात एका विकलेची चूक सहज होते. म्हणूनच बार्लो हवी आणि म्हणूनच जवळच्या जोड्या आयपीससाठी नाहीत. बार्लो लावलीत की किंमत पुन्हा काढा. तिच्यावर '२ पट' छापले आहे म्हणून किंमत बरोबर निम्मी होत नाही.

अंतर मोजताना जोडी पट्टीला समांतर करा, वाचा, पट्टीवर दुसरीकडे न्या, पुन्हा वाचा. एकाच जागी दहा वेळा वाचलेत तर दहाही वेळा डोळा तेच सांगतो.

स्थितिकोनासाठी मुख्य तारा पट्टीच्या मध्यबिंदूवर आणा, पट्टी जोडीच्या रेषेत फिरवा, मोटर बंद करा. मुख्य तारा सरकत कडेच्या कोनमापकाला जिथे भिडेल ती पश्चिम, म्हणजे २७० अंश. जोडीची रेषा आणि ही दिशा यांतला कोन वाचून त्यावरून स्थितिकोन काढा. तुमच्या आयपीसवर आकडे कोणत्या बाजूने वाढतात त्यानुसार बेरीज करायची की वजाबाकी, हे वसिष्ठावर एकदा ताडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

६. कॅमेऱ्याने मोजणे

एक पिक्सेल म्हणजे किती विकला, याचा अंदाज असा: २०६.२६५ × पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये ÷ केंद्रांतर मिलिमीटरमध्ये. ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १५०० मिलिमीटर केंद्रांतर असेल तर ०.५२ विकला. ५ विकलांची जोडी दहाएक पिक्सेलवर पसरेल. सुरुवातीला पुरेसे आहे.

हा आकडा मात्र फक्त अंदाजच समजा. दुर्बिणीवर छापलेले केंद्रांतर ढोबळ असते. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये तर फोकस करताना मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो, त्याबरोबर केंद्रांतरही बदलते. एक टक्क्याची चूक अल्बिरिओवर ०.३५ विकला होते, आणि हजार फोटो काढले तरी ती कमी होत नाही. म्हणून त्या रात्रीचे प्रमाण त्याच रात्री काढायचे. दोन मार्ग आहेत:

पहिला, मोटर बंद करून तारा चौकटीतून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतानाचा व्हिडिओ घ्या, प्रत्येक चौकटीच्या वेळेसह. सरकण्याची रेषा कॅमेरा किती तिरपा आहे ते सांगते आणि वेग प्रमाण सांगतो, गणित आयपीसचेच. दुसरा, ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटसारख्या सेवेकडून फोटोतले तारे ओळखून घ्या. प्रमाण आणि तिरकेपणा दोन्ही आयते मिळतात. त्यासाठी चौकटीत पुरेसे तारे हवेत, आणि लांब केंद्रांतरावर नेमके तेच नसतात. मी पहिला मार्ग जास्त विश्वासाचा मानतो.

एकदा प्रमाण काढले की कॅमेरा फिरवू नका, बार्लो काढू नका. हात लागला तर पुन्हा मापन.

उघडझापीचा वेळ (एक्स्पोजर) इतका ठेवा की तेजस्वी ताऱ्याचा मधला पिक्सेल कमाल मर्यादेच्या बराच खाली राहील. तारा जळला, म्हणजे पांढराफटक सपाट झाला, की त्याचा मध्य सापडत नाही आणि दोन तारे एकमेकांत मिसळतात. काही शेकडा छोट्या चौकटी घ्या. हवेचा खळखळाट थांबतो तो क्षणभरच. त्या क्षणांतल्या उत्तम पाच-दहा टक्के चौकटी निवडून एकावर एक रचायच्या. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चरने चित्रण होते. मोजायला फ्लोरां लोस यांचे 'रेड्यूक' हे जोडताऱ्यांसाठीच केलेले सॉफ्टवेअर आहे, ॲस्ट्रोइमेजजेही चालते.

दीड-दोन विकलांच्या आतल्या जोड्यांसाठी स्पेकल इंटरफेरोमेट्री ही पद्धत आहे: क्षणभराच्या पुष्कळ चौकटींतून हवेचा परिणाम गणिताने वजा करायचा. आंत्वान लाबेरी यांनी ती १९७० मध्ये मांडली, आता हौशी लोकही करतात. पहिल्या वर्षी तिच्याकडे वळू नका.

फोटोतून दोन्ही ताऱ्यांचे विषुवांश आणि क्रांती मिळत असतील तर गणित हातानेही होते. विषुवांशांतला फरक विकलांमध्ये करून क्रांतीच्या कोसाइनने गुणा: हा पूर्वेकडचा घटक. क्रांतीतला फरक हा उत्तरेकडचा. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे अंतर. पूर्व भागिले उत्तर याची व्यस्त टॅन्जंट, दोन्ही घटकांची चिन्हे बघून योग्य चतुर्थांशात घेतलेली, म्हणजे स्थितिकोन. कोसाइनने गुणायला विसरलात तर वसिष्ठाच्या क्रांतीवर पूर्वेकडचा घटक पावणेदोन पटीच्या जवळ जातो.

७. नोंद कशी ठेवायची

तारीख वर्षाच्या दशांशात लिहितात. १५ मार्च २०२५, जागतिक वेळ ० तास: वर्षाचे ७३ दिवस सरलेले, ७३ भागिले ३६५ म्हणजे ०.२, म्हणून २०२५.२००. स्थानिक वेळेवरून जागतिक वेळ काढताना तारीख एका दिवसाने मागेपुढे होऊ शकते, ते बघा.

एका जोडीला निदान तीन वेगवेगळ्या रात्री द्या. सरासरी, प्रमाण विचलन आणि रात्रींची संख्या लिहा. उत्तरेजवळच्या कोनांची सरासरी जपून काढा: ३५९ आणि १ यांची सरासरी कॅल्क्युलेटर १८० सांगेल. आणि जोडी जितकी जवळची, तितका कोन ढिला: ५ विकलांच्या जोडीत ०.१ विकलेची आडवी चूक म्हणजे एक अंशाहून जास्त.

मोजण्याआधी यादीतला आकडा पाहू नका. जोडी शोधायला ढोबळ माहिती लागते, तेवढीच घ्या. अपेक्षित आकडा डोक्यात असला की दशांश भाग नेमका त्याच्याकडे झुकतो.

वाचनांचा मेळ बसला म्हणजे मोजमाप बरोबर, असेही नाही. मद्रास वेधशाळेतल्या डब्ल्यू. एस. जेकब यांनी १८५५ मध्ये भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडीच्या कक्षेत विसंगती दाखवली आणि तिथे एखादा ग्रह असावा असे सुचवले. तो दावा पुढे टिकला नाही. जेकब कसलेले निरीक्षक होते. विकलेच्या अंशांवर मोठे निष्कर्ष उभे करताना हे नाव आठवावे.

८. जोडी खरी की भासमान?

एकाच दिशेला पण एकामागे एक दूर असलेले तारेही जोडीसारखे दिसतात. कॅस्टरचे दोन तारे खरोखर एकमेकांना बांधलेले आहेत हे विल्यम हर्शेलने १८०३ मध्ये मांडले, तेही वीसेक वर्षांच्या मोजमापांनंतर. आज गायाच्या जून २०२२ मध्ये प्रकाशित झालेल्या तिसऱ्या संचात दोन्ही ताऱ्यांचे पराशय (ज्यावरून अंतर कळते ते ताऱ्याचे भासमान सरकणे) आणि निजगती (आकाशात दरवर्षी होणारे खरे सरकणे) शोधा. दोन्ही आकडे त्रुटीच्या मर्यादेत जुळले तर जोडी खरी असण्याची शक्यता मोठी. हंसातला ६१ क्रमांक हे नमुनेदार उदाहरण: दोन्ही तारे वर्षाला पाच विकलांहून जास्त वेगाने बरोबरीने सरकतात, मागचे मंद तारे तिथेच राहतात. बेसेलने १८३८ मध्ये अंतर मोजले तो हाच तारा.

९. काय मोजावे आणि कुठे पाठवावे

सरावाच्या जोड्यांवर तुमचे अंतर ०.२-०.३ विकलांच्या आत आणि कोन अंशाच्या आत येऊ लागला, की प्रसिद्ध तारे सोडा. ते सगळेच मोजतात. डब्ल्यूडीएसमध्ये प्रत्येक जोडीपुढे शेवटच्या वेधाचे वर्ष आणि एकूण वेधांची संख्या असते. नववी ते अकरावी प्रत, ५ ते १५ विकला, आणि बरीच वर्षे कुणी न पाहिलेल्या अशा दहा-बारा जोड्या निवडा. 'स्टेल्ले दोप्पिए' या इटालियन संकेतस्थळावर असे निकष देऊन शोधता येते.

मोजमापे नुसती वहीत राहिली तर डब्ल्यूडीएसपर्यंत जात नाहीत. ती प्रसिद्ध व्हावी लागतात. 'जर्नल ऑफ डबल स्टार ऑब्झर्व्हेशन्स' हे २००५ पासून निघणारे नियतकालिक हौशी आणि विद्यार्थ्यांचे लेख घेते. वेब डीप-स्काय सोसायटीच्या जोडतारे विभागाची परिपत्रकेही आहेत. तक्त्यात डब्ल्यूडीएस क्रमांक, शोधकाचे संक्षिप्त नाव, तारीख, कोन, अंतर, दोन्हींच्या त्रुटी, रात्रींची संख्या, दुर्बिणीचा व्यास आणि पद्धत एवढे द्या. प्रमाण कसे काढले ते एका परिच्छेदात नक्की लिहा. परीक्षक आधी तेच वाचतात.

तुमचा आकडा यादीशी जुळला नाही, तर क्रमाने तपासा. नेमके १८० अंशांचा फरक आहे का? मग तारे सारख्या तेजाचे असून मुख्य कोणता यात अदलाबदल झाली असेल. तुमचा कोन आणि यादीतला कोन यांची बेरीज ३६० येते का? मग आरसा. अंतर साफ वेगळे आहे? शेजारची दुसरीच जोडी पाहिलीत का ते नकाशावर बघा. जुन्या नोंदींत जागाही चुकलेल्या असतात. हे सगळे करूनही फरक उरला तर आकडा यादीकडे ओढू नका. आहे तसा द्या, आणि शेऱ्यात काय काय तपासले ते लिहा.